इव्हलिन मुळात बाईचेच

इव्हलिन या इंग्रजी नावाविषयी तीन विधाने एकमेकांचे पाहून वर्षानुवर्षे छापली जात आहेत. पहिले असे की, या नावाचा अर्थ ‘हेझलनट’, ‘जीवन’, ‘चिमुकला पक्षी’ किंवा ‘नवसाचे मूल’ असा आहे. दुसरे असे की, हे मुळात पुरुषाचे नाव होते आणि विसाव्या शतकात मुलींनी ते बळकावले. तिसरे असे की, मुलगा की मुलगी हे न सांगणारे नाव म्हणजे आजकालच्या पालकांचे खूळ आहे आणि त्याचा जाच मुलाला जन्मभर होतो. तिन्ही विधाने चुकीची आहेत. पहिल्यात भाषेचे अज्ञान आहे. दुसऱ्यात इतिहास उलटा सांगितला आहे. तिसऱ्यात ज्याचा दोष त्याच्या पदरात न घालता तो नावाच्या माथी मारला आहे. या नावाची वाटचाल साडेसातशे वर्षांच्या नोंदींत तपासता येते. इव्हलिन बाईच्या नावापासून सुरू झाले, आईमार्फत मुलाकडे आले आणि तिथे पोचल्यावर पुढच्याच पिढीत मुलीलाही मिळाले, असे त्या नोंदी सांगतात.

आधी अर्थाचे पाहू.

‘हेझलनट’ हा अर्थ चिकटला फ्रेंच भाषेमुळे. इव्हलिनचे जुने नॉर्मन रूप ॲव्हलीन. फ्रेंचमध्ये हेझलनटच्या एका मोठ्या जातीचे नाव हुबेहूब याच अक्षरांनी लिहितात. पण फळाचे नाव पडले इटलीत नेपल्सच्या बाजूला असलेल्या अवेल्ला या गावावरून. रोमन लोक त्याला अवेल्लाचे फळ म्हणत. बाईचे नाव आले जर्मानिक लोकांच्या भाषेतून, ॲव्हा किंवा ॲव्ही अशा छोट्या नावाला लाडाचा प्रत्यय लागून. दोन्ही शब्दांची घराणी वेगळी, देश वेगळे. अक्षरे जुळली एवढ्यावर त्यांची सोयरीक लावून दिली गेली.

‘जीवन’ हा अर्थ बायबलमधल्या ईव्हवरून ओढून आणलेला आहे. हिब्रू भाषेतल्या तिच्या नावाचा संबंध जगण्याशी लावतात, हे खरे. पण इव्हलिनमध्ये ईव्ह ऐकू येते ती आजच्या स्पेलिंगमुळे. हे नाव इंग्लंडात रुजले तेव्हा ते ‘अ’ने सुरू होत होते आणि त्यात ईव्ह कुठेच नव्हती. गैरसमज वाढायला लाडाची रूपे कारणीभूत झाली. सेंद्रिय शेतीच्या चळवळीतल्या अग्रणी लेडी ईव्ह बॅल्फर यांचे पूर्ण नाव इव्हलिन बार्बरा बॅल्फर. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्ट खतावर जे काम केले, त्याचा ठसा बॅल्फरबाईंच्या १९४३ साली निघालेल्या ‘द लिव्हिंग सॉइल’ या पुस्तकावर आहे. जग त्यांना ईव्ह म्हणूनच ओळखते. अशा ईव्ह पुष्कळ झाल्या, आणि संक्षेपावरून मूळ नावाचा उगम ठरवण्याची सवय लोकांना लागली.

‘चिमुकला पक्षी’ हा लॅटिनमधल्या पक्षिवाचक शब्दाशी साधलेला असाच मेळ. जर्मानिक नावाचे मूळ लॅटिनमध्ये शोधण्याला काही आधार नाही. राहिला ‘नवसाचे मूल’. हा अर्थ निदान योग्य भाषेत शोधलेला आहे, पण तोही अंदाजच. ॲव्हा आणि ॲव्ही यांच्या मुळाशी असलेल्या शब्दाचा अर्थ आज निश्चित सांगता येत नाही. काहींनी ‘इच्छिलेले’ असा तर्क केला, ‘कदाचित’ म्हणून. नावांच्या पुस्तकांनी तो ‘कदाचित’ गाळला, तर्काचा सिद्धान्त केला आणि मग ‘इच्छिलेले’चे ‘नवसाने झालेले’ करून टाकले.

एकाच नावाला चार भाषांतले चार अर्थ लावले जातात, तेव्हा निदान तीन तरी खोटे असतात. तरीही ते चारही एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम घालून छापले जातात आणि पालकांनी आवडेल तो उचलावा अशी अपेक्षा असते. माहिती म्हणून विकल्या जाणाऱ्या पुस्तकात हे खपवून घेण्याचे कारण नाही.

यावर कुणी म्हणेल, मूळ अर्थ आज हरवला असेल, पण ज्यांनी नाव प्रथम ठेवले त्यांच्या मनात तो असणारच. जुन्या जर्मानिक नावांच्या बाबतीत हेही धरून चालता येत नाही. अकराव्या शतकात वुस्टरचे बिशप असलेले संत वुल्फस्टान यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांच्या आईचे नाव वुल्फगिफू आणि वडिलांचे एथेलस्टान. आईच्या नावाचा पहिला तुकडा आणि वडिलांच्या नावाचा शेवटचा तुकडा जोडून मुलाचे नाव झाले वुल्फस्टान. त्याचा शब्दशः अर्थ ‘लांडगा-दगड’. मूल लांडग्यासारखे किंवा दगडासारखे निघावे म्हणून हे नाव ठेवलेले नव्हते. मूल कुणाचे, हे त्यातून कळत होते. त्या समाजात नावाचे काम नाते सांगण्याचे होते. इव्हलिनलाही अखेरपर्यंत हेच काम करावे लागले.

मराठी वाचकाला या चुकीच्या अर्थांची भुरळ पडते, त्याला तसेच कारण आहे. आपली बहुतेक नावे चालू भाषेतले शब्द असतात. किरण म्हटले की उजेडाचा किरण कळतो, त्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. म्हणून बारशाला नावाबरोबर अर्थही विचारला जातो आणि तो सांगता येतो. तीच अपेक्षा इंग्रजी नावांवर लादली की घोटाळा होतो. लीड्समध्ये किंवा बोस्टनमध्ये जन्म काढलेल्या इंग्रजी माणसाला इव्हलिन ऐकून ना फळ आठवते ना पक्षी. त्याला आठवते एखादी आजी, एखादा लेखक, एखादे घराणे. त्याच्या भाषेत या नावाला कोशातला अर्थ नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो चारही अर्थांपेक्षा कितीतरी भरीव आहे.

तो इतिहास नोंदींच्या आधाराने असा मांडता येतो. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या बायकांची नावेही आली. ॲव्हलीन त्यातले एक. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ॲव्हलीन द फॉर्झ या उमराव कन्येची कबर आजही पाहता येते. १२५९ साली जन्मलेल्या या मुलीचे १२६९ साली तिसऱ्या हेन्री राजाच्या एडमंड या मुलाशी लग्न झाले आणि १२७४ साली ती वारली. तेराव्या शतकात हे नाव कुणाचे होते, या प्रश्नाला एवढे एक उत्तर पुरे आहे. ते स्त्रीचे होते आणि राजघराण्यापर्यंत पोचलेले होते. त्याची एक शाखा नॉर्मन लोकांबरोबर आयर्लंडात गेली. तिथे तिचे आयरिश रूप झाले आणि पुढे इंग्रजी वळण घेऊन ते आयलीन म्हणून जगभर पसरले. वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांतली आयलीन आणि इव्हलिन ही नावे अशी एकाच आजीची लेकरे आहेत.

मग हे बाईचे नाव पुरुषाकडे गेले कसे? आडनाव होऊन गेले.

मध्ययुगीन इंग्लंडात आडनावे स्थिरावत होती, तेव्हा बहुतेकांना बापाचे नाव लागले. पण सगळ्यांना नाही. आई विधवा असली, वारसदार असली, गावात बापापेक्षा ठळक असली किंवा बाप कोण हे सांगायचे नसले, की मुलांना आईच्या नावाने ओळखत. एमावरून एमेट हे आडनाव झाले, मटिल्डाच्या लाडक्या रूपावरून टिलॉटसन झाले, मेरीच्या लाडक्या रूपावरून मॅरियट झाले. ॲव्हलीनच्या मुलांचे तसेच इव्हलिन झाले. महाराष्ट्राच्या वाचकाला यात नवल वाटू नये. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीने जो लेख कोरवून घेतला, त्यात तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी आहे आणि नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी आहे. राजाने आईचे नाव लावल्याने त्याचा पराक्रम कमी झाला असे आजवर कुणी म्हटलेले नाही.

या आडनावाचे एक घराणे पुढे इंग्लंडात नावारूपाला आले. सरी परगण्यातल्या वॉटनच्या इव्हलिन मंडळींनी सोळाव्या शतकात बंदुकीच्या दारूच्या कारखानदारीत पैसा कमावला. त्याच घरात १६२० साली जन्मलेला जॉन इव्हलिन रोजनिशीकार म्हणून इंग्रजी वाङ्मयात अमर झाला. रॉयल सोसायटीच्या स्थापनेत त्याचा हात होता, आणि १६६४ साली निघालेला त्याचा वृक्षांवरचा ‘सिल्व्हा’ हा ग्रंथ इंग्लंडच्या वनविचाराचा पाया मानला जातो. नावांच्या पुस्तकांत ‘इव्हलिन हे पुरुषी नाव होते’ याचा पुरावा म्हणून पुष्कळदा याच गृहस्थाला उभे करतात. त्याचे नाव जॉन होते. इव्हलिन हे आडनाव होते आणि तेही कधीकाळच्या एका ॲव्हलीनबाईकडून आलेले.

आडनावाचे पाळण्यातले नाव कसे झाले, हा या कथेचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज खानदानी कुळांत आडनाव हेच मुलाचे पहिले नाव म्हणून ठेवण्याची रीत पडू लागली. विल्यम कॅमडनने १६०५ च्या आपल्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. हे आडनाव पुष्कळदा आईच्या माहेरचे असे. लग्नाबरोबर बाईचे आडनाव पुसले जाई. मुलाच्या नावात ते जपले जाई. माहेरची जमीन आणि माहेरची प्रतिष्ठा मुलाच्या नावाला जोडून ठेवायचा तो उपाय होता.

किंग्स्टनचा पहिला ड्यूक इव्हलिन पिअरपॉन्ट हा या रीतीचा नमुना. इव्हलिन हे पहिले नाव धारण करणाऱ्या आरंभीच्या नामांकित पुरुषांपैकी तो एक. त्याची आई एलिझाबेथ इव्हलिन, विल्टशरमधल्या वेस्ट डीनच्या सर जॉन इव्हलिनची मुलगी. मुलाला आईचे माहेर मिळाले ते असे. पुढच्या शतकात हेच दुसऱ्या एका घराण्यात घडले. ॲडमिरल एडवर्ड बॉस्कॉवेनची बायको फ्रान्सिस ही बापाकडून इव्हलिन कुळातली. तिच्या मुलाचे नाव जॉर्ज इव्हलिन बॉस्कॉवेन, आणि त्या वंशात हे नाव पुढेही चालत राहिले. म्हणजे पुरुषांकडे हे नाव दोनदा पोचले आणि दोन्ही वेळा आईच्या हातून पोचले. एकदा ॲव्हलीनच्या नावाचे आडनाव झाले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा माहेरच्या आडनावाचे नाव झाले तेव्हा. ‘पुरुषांचे नाव बायकांनी घेतले’ म्हणणाऱ्यांनी पुरुषांना ते दिले कुणी, एवढे तरी विचारायला हवे होते.

आणि मुलींना ते मिळायला विसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले, हेही खोटे. त्याच इव्हलिन पिअरपॉन्टची एक मुलगी मेरी. पुढे लेडी मेरी वॉर्टली माँटॅग्यू म्हणून ती प्रसिद्ध झाली, आणि देवीच्या रोगावर टोचून घेण्याची तुर्कस्तानातली पद्धत तिने इंग्लंडात आणली. तिची धाकटी बहीण १६९१ साली जन्मली. तिचे नाव लेडी इव्हलिन पिअरपॉन्ट. बापाचेच नाव लेकीला दिलेले. १७१२ साली तिचे जॉन लेव्हसन-गॉवरशी लग्न झाले. तिच्या भावाला १७११ साली मुलगा झाला, त्याचेही नाव इव्हलिन. तोच पुढे किंग्स्टनचा दुसरा ड्यूक. एका घरात बाप इव्हलिन, मुलगी इव्हलिन आणि नातू इव्हलिन. हे सगळे सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या सुरुवातीला घडले. त्या घराला यात काही वावगे वाटले असते तर बापाचे नाव मुलीला देऊन, वीस वर्षांनी ते पुन्हा नातवाला त्यांनी दिले नसते.

एकोणिसाव्या शतकात दोन्ही प्रवाह जोरात चालले. बायकांच्या बाजूने कादंबरी-कवितेचा हात लागला. फॅनी बर्नीच्या १७७८ च्या ‘इव्हलिना’ने या घराण्यातल्या नावांना वाचकांत लोकप्रिय केले. रॉबर्ट ब्राउनिंगच्या १८५५ च्या कवितेतली इव्हलिन होप ही सोळा वर्षांची मुलगी, आणि जॉर्ज मूरच्या १८९८ च्या कादंबरीतली इव्हलिन इनिस ही गायिका. त्याच काळात सैन्यात आणि सरकारात इव्हलिन नावाचे पुरुष मानाच्या जागांवर होते. भारतीय वाचकाला त्यांतले दोघे तरी माहीत असावेत. इव्हलिन बेअरिंग हा आपल्या नात्यातल्या लॉर्ड नॉर्थब्रुक या व्हाइसरॉयचा सचिव म्हणून इथे राहिला, १८८० नंतर हिंदुस्थान सरकारचा अर्थखात्याचा सदस्य झाला, आणि पुढे लॉर्ड क्रोमर म्हणून त्याने वीसहून अधिक वर्षे इजिप्तचा कारभार हाकला. दुसरा इव्हलिन वुड. सत्तावनच्या उठावानंतर मध्य हिंदुस्थानात तात्या टोपे यांच्या मागावर जी मोहीम निघाली तिच्यात तो होता. १९ ऑक्टोबर १८५८ रोजी सिंदवाहोला झालेल्या लढाईतल्या कामगिरीचा उल्लेख त्याच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या सन्मानपत्रात आहे.

एक वर्ष निवडून पाहिले की हा सहवास अगदी स्पष्ट दिसतो. १९०३ साल घ्या. त्या वर्षी इव्हलिन वुड फील्ड मार्शल झाला. त्या वर्षी जानेवारीत केंब्रिजला जॉर्ज इव्हलिन हचिन्सन जन्मला. पुढे येल विद्यापीठात तो आधुनिक परिसरशास्त्राचा एक मोठा आचार्य झाला आणि १९३२ च्या मोहिमेत त्याने लडाखच्या सरोवरांचा अभ्यास केला. सप्टेंबरात इव्हलिन गार्डनर ही मुलगी जन्मली. ऑक्टोबरात इव्हलिन वॉ हा मुलगा जन्मला, ज्याने पुढे ‘अ हँडफुल ऑफ डस्ट’ आणि ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ लिहिले. त्या वर्षीच्या इंग्लंडात हे नाव म्हाताऱ्या सेनापतीचे होते, दोन तान्ह्या मुलांचे होते आणि एका तान्ह्या मुलीचेही होते. १९२८ साली वॉ आणि गार्डनर यांनी लग्न केले. मित्रमंडळी त्यांना ‘तो इव्हलिन’ आणि ‘ती इव्हलिन’ म्हणू लागली. हे लग्न टिकले नाही, पण त्याला कारण नावे नव्हती.

आता दुसऱ्या बाजूच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा घेऊ, कारण तो टाळून वाद जिंकता येत नाही. आज इव्हलिन हे जवळजवळ सर्वत्र मुलीचे नाव आहे. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाच्या यादीत २०१७ साली मुलींच्या नावांत ते नववे होते, आणि २०२० सालीही नववेच. मुलांच्या लोकप्रिय नावांत आज ते दिसत नाही. लेस्ली, शर्ली, बेव्हर्ली, ॲशली यांचेही असेच झाले. शर्ली हे नाव तर शार्लट ब्राँटेच्या १८४९ च्या कादंबरीमुळे फिरले. तिच्या नायिकेला आईबापांनी, मुलगा नाही म्हणून, घराण्यातले पुरुषी नाव दिलेले असते. वाहतूक एकाच दिशेने होते, हे निरीक्षण खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्याचे कारण काय? समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्यातल्या दीर्घ काळाच्या जन्मनोंदी तपासून २००० साली या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलामुलींत सामाईक असलेली नावे तशी टिकत का नाहीत, हाच त्यांचा विषय होता. त्यांनी या प्रक्रियेची तुलना वस्त्यांच्या विभागणीशी केली. एखाद्या मोहल्ल्यात वेगळ्या लोकांची घरे थोडी वाढली की आधीचे रहिवासी आपणहून निघून जातात, तशी मुलग्यांचे आईबाप ते नाव सोडून जातात. मुलीच्या आईबापांना मुलाचे नाव चालते. मुलाच्या आईबापांना मुलीच्या नावाची भीती वाटते.

म्हणजे बळकावले कुणीच नाही. मुलींनी नाव घेतले तेव्हा ते मुलांसाठी शिल्लक होतेच. नाव वाटल्याने संपत नाही. ते टाकले मुलग्यांच्या घरच्यांनी, आणि टाकल्याचा ठपका मात्र मुलींवर ठेवला. ‘मुलींनी नाव बिघडवले’ ही तक्रार नीट ऐकली तर तिच्यात नावाबद्दल काहीच नाही. बाईशी संबंध आला की वस्तूची किंमत उतरते, ही समजूत तिच्या तळाशी आहे. गंभीर चेहऱ्याने भाषाशास्त्राच्या भाषेत सांगितली म्हणून ती समजूत सभ्य होत नाही, आणि नावांच्या पुस्तकांनी तिला ‘सावधगिरीची सूचना’ म्हणून जागा देणे बंद केले पाहिजे.

ही भीती निसर्गनियम नाही, याचा पुरावा आपल्याच आसपास आहे. लेस्ली हे अमेरिकेत मुलींचे झाले, पण मुंबई-गोव्याच्या ख्रिस्ती समाजात लेस्ली नावाचे पुरुष अजूनही सहज भेटतात. हॉकीत तीन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक मिळवणारे बिलासपूरचे लेस्ली क्लॉडियस यांच्या नावावरून कुणी त्यांना बाई समजले नाही. व्हिव्हियन म्हटले की इंग्रजी चित्रपटांच्या प्रेक्षकाला व्हिव्हियन ली आठवते, क्रिकेटवेड्या मराठी माणसाला व्हिव्ह रिचर्ड्स आठवतो. किरण बेदी आणि किरण मोरे ही नावे एकाच वर्तमानपत्राच्या एकाच अंकात छापून आली तरी मराठी वाचकाचा गोंधळ उडत नाही. समाजाने ठरवले तर नाव दोघांचे राहू शकते.

तिसरा आक्षेप त्रासाचा. त्याला सगळ्यांत जास्त उदाहरणे इव्हलिन वॉच्या आयुष्यातून देतात, आणि ती खरी आहेत. १९२८ साली त्याचे रोझेटीवरचे पहिले चरित्रपुस्तक निघाले, तेव्हा ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’च्या परीक्षणकर्त्याने त्याला ‘मिस वॉ’ करून टाकले. २०१६ साली, त्याच्या मृत्यूला पन्नास वर्षे होत असताना, अमेरिकेतल्या ‘टाइम’ने महाविद्यालयांत सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या शंभर लेखिकांची यादी छापली आणि तिच्यात त्याला बसवले, मग दुरुस्ती करावी लागली. आपले नाव आपल्याला कधीच आवडले नाही, असे वॉने १९६४ साली निघालेल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. त्याची नाराजी खोटी ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

परंतु या दोन्ही प्रसंगांत चूक कुणाची? परीक्षणकर्त्याने लेखकाची साधी चौकशी केली नाही. यादी करणाऱ्यांनी ज्याची पुस्तके शिकवली जातात असे ते सांगत होते, त्याचे छायाचित्रही पाहिले नाही. नावाने कुणालाही फसवलेले नाही. नावाने लिंग सांगितलेच पाहिजे असे गृहीत धरून पुढचे काम टाळणाऱ्यांनी स्वतःची फसगत करून घेतली. १९५२ च्या डिसेंबरात हाच वॉ गोव्याला आला. सेंट फ्रान्सिस झेव्हियर यांच्या निधनाला चारशे वर्षे झाल्यानिमित्त जुन्या गोव्यात त्यांच्या पार्थिवाचे दर्शन खुले होते. त्यावर त्याने लेखही लिहिला. त्या लेखाचे मोल लिहिणाऱ्याच्या नावाने वाढत वा घटत नाही.

आणि नावाने लिंग न सांगणे कुणासाठी आधारही ठरू शकते, ही बाजू आक्षेप घेणारे कधी मांडत नाहीत. चित्रकार इव्हलिन डी मॉर्गन हिचे पहिले नाव मेरी. १८७० च्या दशकात लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकताना ती इव्हलिन हे मधले नाव वापरू लागली. ते तेव्हा पुरुषांचेही असल्याने आपले काम बाईचे म्हणून आधीच बाजूला पडणार नाही, असा तिचा विचार होता, असे तिच्याविषयी लिहिणारे सांगतात. ‘मिस’ लागल्याने वॉला अपमान वाटला. ‘मिस’ न लागण्यासाठी मेरीला नाव बदलावे लागले. या दोन अनुभवांना कारण एकच आहे, आणि ते नाव नाही. बाईच्या कामाला कमी लेखणारी नजर हे ते कारण आहे.

‘आजकालचे खूळ’ हा शब्द तर या बाबतीत वापरताच येत नाही. १६९१ साली मुलीला दिलेले आणि १७११ साली मुलाला दिलेले नाव आजकालचे कसे होईल? उलट, नवी गोष्ट आहे ती काटेकोर वाटणी. इव्हलिन फक्त मुलीचे, हा निवाडा इंग्रजी जगात जेमतेम शंभर वर्षांचा आहे, आणि तोही पुरता लागू झाला नाही. बँकर सर इव्हलिन डी रॉथ्सचाइल्ड १९३१ साली जन्मले आणि २०२२ साली वारले. पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या आघाडीवर जखमी होऊन १९१७ साली मरण पावलेल्या काकाचे नाव त्यांना दिले होते. त्यांच्या नावाचा उच्चार जुन्या इंग्रजी वळणाने ‘ईव्हलिन’ असा होई. अमेरिकेत रूढ आहे तो ‘एव्हलिन’. ज्यांना पुरुषाचे आणि बाईचे नाव वेगळे हवे आहे त्यांनी उच्चारातही ती वाटणी शोधून पाहिली. तीही टिकत नाही, कारण स्कॉटलंडची तालवादक डेम इव्हलिन ग्लेनी आपले नाव ‘ईव्हलिन’ असेच उच्चारते.

तेव्हा नावांची पुस्तके पुन्हा छापली जातील, इंग्लंडात, अमेरिकेत किंवा त्यांची उचल करून आपल्याकडे, तेव्हा या नोंदीतला मजकूर बदलायला हवा. हेझलनट, जीवन आणि पक्षी काढून टाकावेत. मूळ जर्मानिक शब्दाचा अर्थ अनिश्चित, असे सरळ लिहावे. मध्ययुगात स्त्रीचे नाव, तिच्यावरून आडनाव, सतराव्या शतकात आईच्या माहेरमार्गे मुलाचे नाव आणि त्याच शतकात मुलीचेही, असा क्रम द्यावा. ॲव्हलीन द फॉर्झ, एलिझाबेथ इव्हलिन आणि लेडी इव्हलिन पिअरपॉन्ट यांचा उल्लेख करावा, कारण या तिघींवाचून पुरुष इव्हलिनांची वंशावळ लावता येत नाही. ‘मूळचे पुरुषी, आता स्त्रीलिंगी’ ही ओळ वगळावी आणि तिच्या जागी ‘दोघांसाठी’ एवढेच छापावे. उद्या वसईच्या एखाद्या घरात किंवा लीड्सच्या एखाद्या घरात मुलगा जन्मला आणि पणजीचे नाव त्याला द्यावे असे आईबापांना वाटले, तर त्यांना अडवायला त्या पानावर काही उरता कामा नये.